केंपेगौडा रोडच्या पलीकडे

१९७८ सालचं बंगलोर. ऑगस्टमधली रविवारची संध्याकाळ. मॅजेस्टिकला तुम्ही बसमधून उतरता आणि समोर कन्नड नट राजकुमारांचं कटआउट आभाळाला टेकलेलं दिसतं, गळ्यात झेंडूच्या ताज्या माळा. 'शंकर गुरु' लागलाय. राजकुमारांची तिहेरी भूमिका. रांग थिएटरच्या फाटकातून बाहेर पडून पानपट्टीच्या पुढे गेलीय, आणि रांगेत कडेवर लेकरं घेतलेल्या बायाही आहेत. तुम्ही दुसऱ्या काळातून आलात, त्यामुळे पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पाच वर्षांनी हीच गोष्ट 'महान' नावाने हिंदीत येईल आणि अमिताभ बच्चन तीन-तीन रूपांत दिसेल. रांगेला नावं ठेवू नका. आठवडाभर राबून आलेल्या माणसांना तीन तास आनंद हवा असतो, आणि राजकुमार तो पुरेपूर देतात.

तुम्हाला मात्र पुढे जायचंय. केंपेगौडा रोडने म्हैसूर बँक सर्कल, तिथून हडसन सर्कल, मग टाऊन हॉल. भुरभुर पाऊस आहे. या गावात तो भिजवतो कमी, गारठवतो जास्त. जे. सी. रोडवर रवींद्र कलाक्षेत्र दिसतं. सहा वर्षांपूर्वी याच्या मागच्या मोकळ्या जागेत बी. व्ही. कारंतांनी 'ईडिपस', 'जोकुमारस्वामी' आणि 'संक्रांती' उघड्यावर उभी केली आणि कन्नड रंगभूमीला नवं वारं लागलं. कारंतांचं नाव लक्षात ठेवा, अर्ध्या तासात ते पुन्हा भेटेल.

शेजारच्या गल्लीत फिल्म सोसायटीने एक सभागृह भाड्याने घेतलंय. दारात टेबल आणि सभासदांची वही. खिशातलं कार्ड दाखवलं की हातात सायक्लोस्टाइलचा एक कागद येतो, शाई अजून बोटांना लागतेय. 'घटश्राद्ध', दिग्दर्शक गिरीश कासरवल्ली, पहिलाच चित्रपट. यू. आर. अनंतमूर्तींची कथा. संगीत बी. व्ही. कारंत. कॅमेरा एस. रामचंद्र. मणिपालला फार्मसी शिकलेला हा मुलगा पुढे पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेला, १९७५ साली बाहेर पडला आणि सत्तावीस वर्षांचा व्हायच्या सुमारास सुवर्णकमळ घेऊन बसला. पुण्याचं नाव वाचून तुम्हाला बरं वाटतं. प्रभातच्या जुन्या आवारात, लॉ कॉलेज रोडला, त्याने जगाचा सिनेमा पाहिला. तो पाहायला शिकवणारे सतीश बहादूर आणि चित्रपटांची रिळं जिवापाड जपणारे पी. के. नायर हे दोघेही पुण्याचेच म्हणायचे.

बाहेर बाय-टू कॉफी चाललीय. एक कप दोघांत. तुमच्या वाट्याचा अर्धा कप हातात देणारे गृहस्थ बँकेत कारकून आहेत. तुमचं मोडकं कन्नड ऐकून ते विचारतात, ''नीवु मराठियवरा?'' तुम्ही हो म्हणता. मग ते समजेल अशा हिंदीत सांगू लागतात. १९७० च्या 'संस्कार'पासून हे वेड लागलं म्हणतात. पट्टाभिराम रेड्डींचा चित्रपट. शृंगेरीजवळच्या वैकुंठपुरात चित्रण, कॅमेऱ्यावर ऑस्ट्रेलियाहून आलेला टॉम कोवन, प्राणेशाचार्याच्या भूमिकेत गिरीश कार्नाड, बंडखोर नारणप्पा झालेले पी. लंकेश. अग्रहारात माणूस मरतो आणि त्याला अग्नी कुणी द्यायचा यावर ब्राह्मणांची चर्चा संपता संपत नाही, एवढीच गोष्ट. सेन्सॉरने आधी तो अडवूनच धरला होता. सुटला, आणि कन्नडला पहिलं सुवर्णकमळ त्यानेच आणलं.

''आणि नारणप्पाची ती चंद्री?'' तुम्ही विचारता.

कारकून कप खाली ठेवतात. चंद्री झालेल्या स्नेहलता रेड्डी गेल्या वर्षी जानेवारीत वारल्या. आणीबाणीत त्यांना पकडून इथल्याच तुरुंगात महिनोन्महिने ठेवलं होतं. दम्याचा विकार, उपचारांची आबाळ. पॅरोलवर सुटल्या आणि काही दिवसांतच गेल्या. इथे जमलेल्यांपैकी काहींनी त्यांना रंगमंचावर पाहिलंय. या सिनेमाला नंतर 'कलात्मक' असा गुळगुळीत शब्द चिकटेल, तेव्हा ही कॉफी आठवा. पडद्यावरच्या त्या बाईने जे सोसलं, त्याच्या शेजारी तो शब्द फार हलका पडतो.

सगळे असेच नाहीत. फिल्म सोसायट्यांना परदेशी चित्रपट सेन्सॉरच्या कात्रीशिवाय दाखवायची सवलत असते, त्यामुळे काहीजण भलत्याच आशेने वर्गणी भरतात. असा एकजण तुमच्या मागच्या रांगेत बसलाय. आज काळापांढरा कन्नड चित्रपट आहे म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलंय. तो मध्येच उठून जाईल असं तुम्हाला वाटतं.

दिवे मालवतात. मागे खोलीतून प्रोजेक्टरची घरघर येते. ३५ मिलिमीटरचं एक रीळ हजार फुटांचं, म्हणजे फार तर अकरा मिनिटं चालणार. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका क्षणभर चमकतो. ऑपरेटर दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करतो. काही सेकंदांनी दुसरा ठिपका, आणि तो एका यंत्राचा उजेड झाकून दुसऱ्याचा मोकळा करतो. जमलं तर प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. एकदा ठिपका दिसायला लागला की तो दिसतच राहतो, आणि हा चित्रपट कुणीतरी या घडीला, हाताने, तुमच्यासाठी चालवतंय हे विसरता येत नाही.

पडद्यावर नाणी येतो. वेदपाठशाळेत शिकायला धाडलेलं लहानगं पोर. उडुपांची ही पाठशाळा, उडुपांची तरुण विधवा मुलगी यमुना, आणि नाणीला छळणारे मोठे विद्यार्थी. यमुना पोराला माया लावते. तिचे गावातल्या शाळामास्तरांशी संबंध आहेत, तिला दिवस गेलेत, आणि मास्तर काढता पाय घेतो. कॅमेरा बहुतेक वेळ नाणीच्या उंचीवर. मोठी माणसं बोलतात ते त्याला अर्धं कळतं, म्हणून तुम्हालाही अर्धंच कळतं. तुम्ही कन्नडमुळे अडलात असं वाटून शेजारच्या कारकुनांकडे पाहता, तर तेही पुढे वाकून बसलेत. भाषा येणाऱ्यालाही हा चित्रपट सगळं सांगत नाही.

यमुना वारुळात हात घालते. साप डसावा म्हणून. गाणं नाही, व्हायोलिनचा आक्रोश नाही. पोर बघतंय. आता रडा, आता चिडा, असं संगीत तुम्हाला सांगत नाही. कारंत कुठे गप्प राहायचं ते जाणून आहेत. अशा चित्रपटांना लोक अवघड का म्हणतात ते इथे कळतं. 'शंकर गुरु'त तुमच्या भावना वाटेवर कुणीतरी पोचवून देतो. इथे तुम्ही नाणीएवढेच आहात, सगळं पाहताय आणि हात पुरत नाही.

आणि मग घटश्राद्ध. जिवंत मुलीचे दिवस बाप घालतो. मातीचा घट फुटतो, म्हणजे ती मेली, गावाला आणि बापाला. नाणीला न्यायला त्याचे वडील येतात. जाता जाता त्याला ती दिसते, झाडाखाली, मुंडण केलेली.

दिवे लागतात. तुम्हाला ठाऊक आहे की २०२४ साली याच चित्रपटाची नव्याने उजळलेली प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली जाईल. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने आणि वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्टने ते काम केलेलं असेल. पण त्याआधीची सेहेचाळीस वर्षं तो कुणामुळे जगला, ते तुम्ही आत्ता बघताय. वर्गणी गोळा करणारे, लोखंडी डबे रिक्षात घालून आणणारे, रात्री जागून स्टेन्सिल कापणारे. तिकडे शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाच्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांचं नीनासम मंडळ सुपारीच्या बागाईतदारांना 'पाथेर पांचाली' आणि 'बायसिकल थीव्ह्ज' दाखवतंय, आणि पाहणारे त्यावर भांडतायत. खेड्यातल्या माणसाला हे झेपत नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावं. मला तर वाटतं, दुर्लक्षित चित्रपट बहुतेक वेळा लोकांनी नाकारलेला नसतो. तो त्यांच्यापर्यंत कुणी नेलेलाच नसतो.

खुर्च्या गोल होतात. खेळानंतरच्या चर्चेचा रिवाज इथे मोडत नाही. एकजण म्हणतो, फार संथ. दुसरा म्हणतो, एका जातीची बदनामी. मागच्या रांगेतला तो गृहस्थ गेलेला नाही. तो विचारतो, मास्तरचं पुढे काय झालं? कुणालाच उत्तर देता येत नाही. मग कारकून तुमच्याकडे बोट दाखवतात. हे महाराष्ट्रातले, यांचंही ऐकू या.

तुम्ही उभे राहता. आधी 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवतं. तेंडुलकरांचं नाटक, सत्यदेव दुबेंनी १९७१ साली त्याचा चित्रपट केला. त्यातल्या नायिकेवर, बेणारेवर, भ्रूणहत्येचा आरोप. पण बेणारेला शेवटी आपलं म्हणणं पोटतिडकीने मांडायला मिळतं, भले ते कुणी ऐको न ऐको. यमुनेला तेवढंही नाही. मग तुम्ही आलवणातल्या बायकांबद्दल सांगता, आणि मुंबईच्या न्हाव्यांबद्दल. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडेंच्या पुढाकाराने ठरवलं होतं. आणि पुणं. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवांनी इथे येऊन बाळंत व्हावं, मूल ठेवायचं असेल तर ठेवावं, अशा जाहिराती गावात लावल्या. यमुना त्या गावात असती तर तिला वारुळाकडे जावं लागलं नसतं.

सभागृहाचा शिपाई दारात येऊन उभा राहिलाय, आठाची वेळ उलटून गेलीय. कुणी उठत नाही. पुढच्या रांगेतून एक कॉलेजातली मुलगी तुम्हाला विचारते, त्या घरात जन्मलेल्या मुलांचं काय झालं?

तुम्ही सांगता की काशीबाई नावाच्या एका विधवेचं मूल फुल्यांनी दत्तक घेतलं. यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला.

''आणि काशीबाई?'' ती विचारते.