पहिल्या ५१२ बाइटांचा इतिहास

बंगळूरूच्या ईशान्येस सुमारे ३५ किलोमीटरवर होसकोटे आहे. तेथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या ‘क्रेस्ट’ केंद्रातून लडाखमधील हानले येथील हिमालयन चंद्र दुर्बीण उपग्रहाच्या दुव्याने चालविली जाते. सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील या २ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने सन २००० मध्ये पहिला प्रकाश टिपला. स्फोट पावलेला तारा पुन्हा स्फोट पावत नाही. त्या रात्रीची प्रतिमा हरवली, तर ती कायमची हरवते. म्हणूनच साठवणुकीचा इतिहास हा विज्ञानाच्याही इतिहासाचा भाग ठरतो.

या दुर्बिणीच्या एका उपकरणाचा संवेदक २०४८ × ४०९६ बिंदूंचा. प्रत्येक बिंदूस २ बाइट धरले, तर एका पूर्ण प्रतिमेस सुमारे १ कोटी ६८ लाख बाइट लागतात. मार्च १९८३ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी एक्सटी संगणकाची हार्ड डिस्क १० मेगाबाइटची होती. तीत अशी एकही प्रतिमा मावली नसती.

त्याच संगणकासोबत, डॉस २.० मध्ये, ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ ही विभाजनपद्धती आली. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत सारा संसार थाटलेला होता: ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या आज्ञावलीसाठी, ६४ बाइट विभागांच्या कोष्टकासाठी आणि २ बाइट ओळखखुणेसाठी. वीज सुरू होताच बायोस हा तुकडा स्मृतीत आणी. त्यातील आज्ञावली सक्रिय विभाग शोधून त्याच्या हाती सूत्रे देई. प्रत्येक विभागाच्या नोंदीस १६ बाइट लागत, म्हणून मुख्य विभाग चारच.

खरी अडचण पत्त्याच्या लांबीत होती. पत्त्यासाठी ३२ बिट, म्हणजे सुमारे ४२९ कोटी तुकडे. प्रत्येकी ५१२ बाइट धरता मर्यादा सुमारे २.२ टेराबाइट. वरील आकाराच्या १ लाख ३१ हजार प्रतिमांनी ती भरते. १९८३ मध्ये ही मर्यादा अमर्याद वाटावी अशीच होती. २०१० मध्ये ३ टेराबाइटच्या डिस्क बाजारात आल्या, तेव्हा जुन्या कोष्टकाने त्यांतील उरलेली जागा पत्त्याअभावी वायाच जाऊ लागली.

उत्तर मात्र आधीच तयार होते. इंटेलने इटानियम प्रक्रियकांसाठी १९९० च्या दशकात ‘ईएफआय’ची आखणी सुरू केली; त्यातूनच ‘जीपीटी’ हे कोष्टक पुढे आले. २००५ पासून हे काम यूईएफआय फोरमकडे आहे. जीपीटीत पत्ता ६४ बिटांचा असून सर्वसाधारणपणे १२८ विभागांची सोय असते. संगणक सुरू करणारी आज्ञावली आता पहिल्या तुकड्यात कोंबलेली नसते. ती स्वतंत्र विभागात साध्या फाइलच्या रूपात असते. कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतात आणि पडताळणीच्या अंकावरून बिघाड ओळखतात. पहिल्या तुकड्यात जुन्या पद्धतीची एक नोंदही राखली जाते. घरावर ‘येथे माणसे राहतात’ अशी पाटी असावी, तशी ती जुन्या साधनांना डिस्क रिकामी समजण्यापासून रोखते.

तथापि जीपीटी रक्षण करते ते कोष्टकाचे, प्रतिमांचे नव्हे. डिस्कच निकामी झाली, तर तिच्या दोन्ही टोकांच्या प्रती एकत्रच जातात. न परतणाऱ्या ताऱ्याच्या नोंदीस म्हणूनच दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या जागी, आसरा द्यावा लागतो.