इब्न हनबल, अहमद

इब्न हनबल, अहमद : (७८०—३१ जुलै ८५५). प्रसिद्ध इस्लामी धर्मविधिज्ञ, हदीसवेत्ता आणि सुन्नी मुसलमानांच्या चार प्रमुख विधिपंथांपैकी हनबली पंथाचा प्रवर्तक. संपूर्ण नाव अबू अब्दुल्लाह अहमद इब्न मुहम्मद इब्न हनबल अश्-शैबानी. कुराण हे निर्मित आहे, हे राजमान्य मत स्वीकारण्यास त्याने नकार दिला. त्याबद्दल अब्बासी खलीफांनी त्याचा छळ केला आणि त्यामुळे इस्लामच्या इतिहासात त्याचे नाव विशेष प्रसिद्धीस आले.

त्याचे घराणे शैबान या अरब टोळीतील होते. आजोबा हनबल हा उमय्या राजवटीत खोरासानमधील सरख्स येथे सुभेदार होता. पुढे त्याने अब्बासी पक्षास साहाय्य केले. वडील मुहम्मद खोरासानी सैन्यात होते. कुटुंब मर्वहून बगदादला आल्यावर लवकरच अहमदचा जन्म झाला. वडील अल्पवयातच वारल्यामुळे त्याचे संगोपन आईने केले. वडिलोपार्जित मालमत्तेच्या अल्प उत्पन्नावर त्याने जन्मभर काटकसरीने गुजराण केली. राजाश्रय किंवा देणग्या त्याने स्वीकारल्या नाहीत.

वयाच्या पंधराव्या वर्षापासून त्याने हदीसच्या अध्ययनास वाहून घेतले. बगदादमध्ये हुशैम इब्न बशीर हा त्याचा प्रमुख गुरू होता. पुढे कूफा, बसरा, मक्का, मदीना, येमेन व सिरिया येथे प्रवास करून त्याने परंपरा संकलित केल्या. मक्केत सुफ्यान इब्न उयैना व येमेनमधील सना येथे अब्दुर्रझ्झाक यांच्याकडे त्याने अध्ययन केले. त्याने पाच वेळा हजयात्रा केली. त्यांपैकी तीन पायी केल्याचे सांगतात. शाफी पंथाचा प्रवर्तक इमाम शाफी याच्याशीही त्याचा निकटचा संबंध आला.

नवव्या शतकाच्या आरंभी बगदादमध्ये मुतझिला या बुद्धिवादी संप्रदायाचा प्रभाव वाढला. ईश्वराचे एकत्व निरपवाद मानावयाचे, तर त्याच्याबरोबर दुसरे काहीही अनादी असू शकत नाही. म्हणून ईश्वराची वाणी असलेले कुराणही कालात निर्माण झालेले आहे, असे या संप्रदायाचे प्रतिपादन होते. उलट, वाणी हा ईश्वराचा गुण असल्याने ती निर्मित असू शकत नाही, अशी हदीसवाद्यांची धारणा होती. वाद वरवर तात्त्विक असला, तरी धर्मसिद्धांत ठरविण्याचा अंतिम अधिकार खलीफाचा की प्रेषिताची परंपरा जतन करणाऱ्या उलेमांचा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. मामून (कार. ८१३—३३) या खलीफाने ८२७ मध्ये कुराणाच्या निर्मितत्वाचे मत जाहीरपणे स्वीकारले. बायझंटिनांविरुद्धच्या मोहिमेवर असताना ८३३ मध्ये त्याने रक्का येथून बगदादचा अधिकारी इसहाक इब्न इब्राहीम यास पत्रे पाठविली आणि काझी व हदीसवेत्ते यांची या मताबाबत परीक्षा घेण्याची आज्ञा केली. ही चौकशी मिह्ना (कसोटी) या नावाने ओळखली जाते.

बहुतेक विद्वानांनी भीतीपोटी किंवा नाइलाजाने हे मत मान्य केले. प्राण संकटात असता वरकरणी संमती देणे शास्त्रसंमत आहे, असे समर्थन त्यासाठी करण्यात आले. सामान्य माणसास ही सवलत असली, तरी लोक ज्याच्या शब्दावर विसंबतात त्याने तिचा आश्रय घेतल्यास सत्य कोणास कळावयाचे, अशी इब्न हनबलची भूमिका होती. अखेर तो व मुहम्मद इब्न नूह हा तरुण असे दोघेच ठाम राहिले. दोघांनाही बेड्या घालून खलीफाकडे रवाना करण्यात आले; परंतु वाटेतच मामूनच्या मृत्यूची बातमी आली व त्यांना परत फिरविण्यात आले. परतीच्या प्रवासात इब्न नूह मरण पावला. इब्न हनबलला बगदादच्या कारागृहात टाकण्यात आले.

मामूनचा भाऊ व वारस मोतासिम (कार. ८३३—४२) याला या वादात फारसा रस नव्हता, तथापि मुख्य काझी अहमद इब्न अबी दुआद याच्या आग्रहामुळे त्याने चौकशी चालू ठेवली. दरबारात झालेल्या वादविवादात इब्न हनबलने कुराण किंवा प्रेषिताची सुन्ना यांतील आधार दाखवावा, एवढीच मागणी पुनःपुन्हा केली. केवळ तर्काधिष्ठित युक्तिवादास उत्तर देण्याचे त्याने नाकारले. शेवटी त्याला खलीफासमक्ष फटके मारण्यात आले व तो बेशुद्ध झाल्यावर सोडून देण्यात आले. परंपरेनुसार त्याची कैद सुमारे २८ महिन्यांची होती. या प्रसंगाचे वृत्तांत परस्परविरोधी आहेत. मुतझिला मताचा लेखक जाहिझ व इतिहासकार याकूबी यांनी त्याने अखेर माघार घेतल्याचे सुचविले आहे. हनबली चरित्रकार ते साफ नाकारतात. त्याच्या सुटकेमागे बगदादमधील लोकक्षोभाची भीती हेही एक कारण मानले जाते.

वासिकच्या कारकीर्दीत (८४२—४७) मिह्नाला पुन्हा जोर चढला. बंडाच्या कटात सापडलेल्या अहमद इब्न नस्र याचा ८४६ मध्ये खलीफाने स्वतःच्या हाताने वध केला. इमाम शाफीचा ईजिप्तमधील शिष्य बुवैती याच सुमारास बगदादच्या कारागृहात मरण पावला. इब्न हनबलला अध्यापन बंद करून अज्ञातवासात राहावे लागले. तथापि बगदादमधील काही विधिज्ञांनी सशस्त्र उठावाबाबत सल्ला विचारला असता त्याने त्यांना परावृत्त केले. धर्माविरुद्ध असलेली आज्ञा पाळू नये, पण त्यासाठी रक्तपात व अराजकही माजवू नये, असे त्याचे मत होते. पुढील खलीफा मुतवक्किल (कार. ८४७—६१) याने कुराणविषयक वादास बंदी घातली व ८५२ पर्यंत मिह्ना पूर्णतः संपुष्टात आणली. त्याने इब्न हनबलला सामर्रा येथे सन्मानाने बोलाविले. परंतु दरबारी अन्न व देणग्या इब्न हनबलने टाळल्या. मुलांनी राजवेतन घेतल्यावर त्यांच्याशीही त्याने व्यवहार तोडला. छळापेक्षा हा सन्मानच त्याला अधिक जाचक वाटला, असे चरित्रकार नमूद करतात. बगदाद येथे तो मृत्यू पावला. त्याच्या अंत्ययात्रेस प्रचंड जनसमुदाय लोटला होता. त्याची कबर दीर्घकाळ श्रद्धास्थान होती. चौदाव्या शतकात टायग्रिस नदीच्या पुरात ती वाहून गेली.

मुस्नद हा त्याचा प्रमुख ग्रंथ होय. त्यात सु. ७०० सहाबींच्या (प्रेषिताच्या सहकाऱ्यांच्या) नावांनुसार लावलेल्या २७,००० हून अधिक हदीसी आहेत. त्याचा मुलगा अब्दुल्लाह याने त्यास अंतिम रूप दिले. यांशिवाय वैराग्यविषयक किताब अझ्-झुह्द हा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. स्वतःची मते कोणी लिहून ठेवू नयेत असे तो म्हणे; तथापि शिष्यांनी त्याची उत्तरे मसाइल या नावाने संग्रहित केली. अबू बक्र अल्-खल्लाल (मृ. ९२३) याने ती एकत्र केली आणि त्यांतून हनबली पंथाची बांधणी झाली.

कुराण, हदीस व सहाबींचे निर्णय हे त्याच्या विधिविचाराचे मुख्य आधार होत. व्यक्तिगत मतापेक्षा दुर्बल हदीसही त्याला अधिक ग्राह्य वाटे. कियास (सादृश्यानुमान) निरुपाय झाला तरच वापरावा, असे त्याचे मत होते. या पंथाची उपासनाविषयक शिस्त कडक आहे. करारांतील अटींबाबत मात्र, विशेषतः उत्तरकालीन हनबलींची दृष्टी इतर पंथांच्या तुलनेने उदार दिसते. दहाव्या शतकात बगदादचे हनबली इतके प्रबळ झाले, की इब्न हनबलची गणना विधिज्ञांत न करता केवळ हदीसवेत्त्यांत करणाऱ्या तबरी या थोर इतिहासकारास त्यांच्या रोषाला तोंड द्यावे लागले. मतासाठी छळ सोसलेल्या पुरुषाच्या नावाने परमतपीडा व्हावी, हा इतिहासातील विपर्यास होय.

पुढे इब्न कुदामा (मृ. १२२३) व इब्न तैमिया (१२६३—१३२८) यांनी या पंथास नवे वैचारिक बळ दिले. अठराव्या शतकातील वहाबी चळवळीने त्याचाच आधार घेतला. त्यामुळे सौदी अरेबिया व कतार येथे तो प्रभावी ठरला. भारतात मात्र बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी, तर कोकण व मलबार किनाऱ्यांवरील अनेक मुसलमान शाफी पंथाचे असून हनबली अनुयायी विरळाच आढळतात. अनुयायांची संख्या चारही पंथांत सर्वांत कमी असली, तरी मिह्नाच्या अपयशामुळे धर्मसिद्धांत ठरविण्याचा खलीफाचा दावा टिकला नाही आणि तो अधिकार उलेमांकडे गेला. सुन्नी इस्लामच्या जडणघडणीत इब्न हनबलचे महत्त्व प्रामुख्याने या घटनेत आहे.