वणवा आणि घर



रानातले घर वणव्यापासून कसे राखावे, हा प्रश्न वरवर पाहता बादलीभर पाण्याचा वाटतो. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. म्हणून ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचा इतिहास वाचताना आम्हांस तो जबाबदारीचा प्रश्न दिसला.

१३ जानेवारी १९३९ रोजी मेलबर्नमध्ये पारा ४५.६ अंशांवर गेला. त्या वणव्यांत सुमारे २० लाख हेक्टर मुलूख जळाला, ६९ लाकूडगिरण्या खाक झाल्या आणि ७१ माणसे दगावली. गिरण्या रानाच्या पोटात, कामगारांची बिऱ्हाडे त्यांना लागून. मॅटलॉकजवळच्या एकाच गिरणीत १५ जण मेले. न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांच्या आयोगाने निष्कर्ष काढला, की आगी माणसांच्याच हातून लागल्या होत्या. आणि रानातल्या गिरण्यांपाशी आसऱ्यासाठी भुयारे असावीत, अशी शिफारस केली. जीव वाचवण्याचे साधन कामाच्या जागीच हवे, हे तत्त्व आम्हांस आमच्याच चळवळीतले वाटते.

पुढे १६ फेब्रुवारी १९८३ च्या वणव्यांत व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया मिळून ७५ बळी गेले. त्यानंतर अभ्यासकांनी जळालेली व वाचलेली घरे तपासली. ज्वाळांची भिंत थोड्या मिनिटांत पुढे निघून जाते; घराचा घात करतात त्या वाऱ्याने उडून आलेल्या ठिणग्या. पन्हळीतला पालापाचोळा, कौलांखालची फट, भिंतीला टेकलेली लाकडे, एवढे त्यांना पुरते. आमच्या कोकणातला बागायतदार आंबा-काजूभोवतीचे गवत काढून जाळरेषा आखतो, ते योग्यच. पण ठिणगी रेषा ओलांडते, म्हणून घराची झाडलोटही तितकीच मोलाची. मागे राहून लहान आगी विझवणाऱ्यांची घरे अधिक वाचलेली दिसली. त्यातून धोरण निघाले: तयारी करा, आणि मग राहून घर राखा, नाहीतर वेळीच निघा.

७ फेब्रुवारी २००९ रोजी या धोरणाची कसोटी लागली. पारा ४६.४ अंश, १७३ मृत्यू, दोन हजारांहून अधिक घरे भस्मसात. मृतांपैकी ११३ जण घरांतच सापडले. मध्यम आगीत खरा ठरणारा सल्ला त्या दिवशी अनेकांना पुरला नाही. चौकशी आयोगाने तो पार टाकून दिला नाही. पण अतिभयंकर दिवशी वेळीच निघून जाणे हाच सुरक्षित मार्ग, असे बजावले. इशारे, आसऱ्याच्या जागा आणि स्थलांतर यांची जबाबदारी सरकारवरही आहे, हेही सांगितले. घराजवळच्या भुयारी आसऱ्यांसाठीही पुढे नियम झाले. सत्तर वर्षांनी लोक पुन्हा भुयारापाशी आले!

पन्हळ घरधन्याने झाडावी, याबद्दल आमचा वाद नाही. परंतु म्हातारी, पोरेबाळे आणि गाडी नसलेला मजूर यांना निघायला सांगायचे, तर त्यांना नेणारे वाहन आणि उतरायला जागा कोणी द्यायची? याचे उत्तर उन्हाळ्याआधी ठरलेले हवे. वणवा दारात आल्यावर सभा भरवता येत नाही.