आधी तालुका, मग देश

देश हवामानाचं उद्दिष्ट ठरवतो, मग जंगलतोडीच्या मर्यादा खाली प्रदेशांना वाटून देतो, असा समज आहे. ब्राझीलच्या तारखा उलटं सांगतात. ॲमेझॉनमधली तोड १९९६ ते २००५ या काळातल्या सरासरीच्या, म्हणजे वर्षाला १९,५०० चौरस किलोमीटरच्या, ८० टक्के खाली आणण्याचं उद्दिष्ट ज्या कायद्याखाली आलं, तो २९ डिसेंबर २००९चा. त्याआधीचा हवामान आराखडा डिसेंबर २००८चा. पण जंगलतोडीत पुढे असलेल्या ३६ म्युनिसिपालिट्यांची (आपले तालुकेच म्हणा) काळी यादी जानेवारी २००८लाच लागली होती!

यादीतून सुटकेच्या अटी मार्च २००९मध्ये आल्या. त्यातली एक म्हणजे वर्षाची तोड ४० चौरस किलोमीटरच्या आत हवी. यादीतल्या पारागोमिनासला ४० आणि अर्ध्या महाराष्ट्राहून मोठ्या अल्तामिरालाही ४०च. इथे कार्बनच्या टनांचा हिशेब कुठे आहे? तो तोड घटल्याबद्दल देणग्या घेणाऱ्या ॲमेझॉन निधीकडे होता, हेक्टरी १०० टन कार्बन धरून.

या मर्यादेचं कुळ काही जण २००३च्या मिलानच्या हवामान परिषदेत शोधतात. तोड कमी करणाऱ्या देशाला मोबदला द्यावा, ही कल्पना ब्राझीलच्या अभ्यासकांनी तिथे मांडली होती, हे खरंच. पण मोबदला वेगळा आणि कमाल मर्यादा वेगळी. माझ्या मते मर्यादेला धार आली ती बँकेच्या काउंटरवर. फेब्रुवारी २००८च्या, बँकांसाठीच्या ठराव ३५४५ने ॲमेझॉनमधलं शेतीकर्ज जमिनीच्या आणि पर्यावरणाच्या कागदांना बांधलं. कागद नाहीत, तर कर्ज नाही.

पारागोमिनासमध्ये २००८च्या नोव्हेंबरात जमावाने पर्यावरण खात्याचं कार्यालय जाळलं. पण महापौर अदनान देमाश्की यांनी गावकीशी करार केला, जमिनींची नोंदणी रेटली आणि २०१०मध्ये पारागोमिनास यादीतून सुटणारी पहिली म्युनिसिपालिटी ठरली.

सोयाबीन आणि गोमांसाचे भाव पडल्याने तोड घटली, असा आक्षेप आहे. २००४च्या २७,७७२ चौरस किलोमीटरनंतर ती यादीआधीच उतरू लागली होती, हेही खरं. पण भाव पडल्याने जमिनींची नोंदणी होत नाही. ती करायला लावली यादीने.

२०२०साठीचं राष्ट्रीय उद्दिष्ट मात्र हुकलं. २०२०ची तोड १०,८५१ चौरस किलोमीटर होती. २०२४मध्ये सरकारने यादीतल्या म्युनिसिपालिट्यांना तोड घटवल्याबद्दल पैसे देण्याची योजना काढली. मिलानवाले म्हणतील, ही आमचीच कल्पना. म्हणोत बापडे, पैसे वाटायला यादीच लागली.