शंभर मतदार आणि आजचं फीड

१९६८. अमेरिकेत निक्सन, हम्फ्री आणि वॉलेस यांची लढत रंगलेली. चॅपल हिलमध्ये मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या प्राध्यापकांनी मत न ठरलेल्या १०० मतदारांना विचारलं, देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते? मग तिथे येणारे पेपर, साप्ताहिकं, टीव्हीच्या बातम्या मोजल्या. दोन्ही याद्या जवळपास सारख्याच! (अर्थात, कोण कोणामागे गेलं हे एवढ्यानं सिद्ध होत नाही.)

तेव्हा पेपर विकत घेतला की मोजणी सुरू. आज तुमचं फीड माझ्यासारखं नसतं आणि ते मोजायला कंपनीची परवानगी लागते. फेसबुकवर काय पसरतंय हे दाखवणारं क्राउडटँगल मेटानं १४ ऑगस्ट २०२४ला बंद केलं. अमेरिकेची निवडणूक तीन महिन्यांच्या आत होती.