तळटीप : गोव्याचा जनमत कौल

* लेखकाचा रोख १६ जानेवारी १९६७ च्या कौलाकडे आहे. भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने (मगो) १९६३ ची निवडणूक महाराष्ट्रात विलीनीकरणाच्याच मुद्द्यावर जिंकलेली. त्यामुळे निकाल ठरल्यातच जमा आहे, असे विलीनीकरणवादी धरून चालले होते. प्रत्यक्षात ‘फुला’वर (विलीनीकरण) १,३८,१७० शिक्के पडले, ‘दोन पानां’वर (संघप्रदेश) १,७२,१९१. गंमत म्हणजे मार्चमधल्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी सत्ता पुन्हा मगोकडेच दिली. कुळांचा प्रश्न आणि भाऊंवरचा लोभ यांपोटी मगोला मानणाऱ्या बहुजनांपैकी काहींना स्वतंत्र गोवाही हवा होता, असेच यातून दिसते. सगळा निकाल ख्रिस्ती मतांच्या खात्यावर टाकणारे लेखकाचे स्पष्टीकरण म्हणूनच तोकडे वाटते. — संपा.