टाकळा

टाकळा (तरोटा) : शिंबी कुलातील वर्षायू वनस्पती. शास्त्रीय नाव सेना टोरा. जुन्या ग्रंथांत कॅसिया टोरा. संस्कृत नावे चक्रमर्द, एडगज, दद्रुघ्न. जालना जिल्ह्यात, मराठवाड्यात इतरत्र असतो तसाच, पहिल्या पावसानंतर बांधावर, गायरानात आणि रस्त्याच्या कडेला तो आपोआप उगवतो. पानांत पर्णिकांच्या सहसा तीन जोड्या असतात व त्या रात्री मिटतात. फुले पिवळी, शेंग लांब, बारीक, किंचित वाकडी. बी तपकिरी व टणक. कोवळ्या पाल्याची भाजी करतात.

औषधात बियांना महत्त्व आहे. चरकसंहितेच्या आरग्वधीय अध्यायात त्वचारोगांसह विविध विकारांवरील ३२ लेप सांगितले असून पहिल्याच लेपात बहावा व करंज यांच्यासोबत एडगज येतो. घरगुती रीत सोपी : बी आंबट ताकात भिजवायचे, पाट्यावर बारीक वाटायचे आणि गजकर्णाच्या (नायट्याच्या) चकंदळावर लावायचे. चकंदळ मधून निवळते, पण लाल, खाजरी कड बाहेर सरकत राहते; लेप त्या कडेपलीकडेही जायला हवा. बियांतील क्रायसोफॅनिक आम्लासारखी अँथ्रॅक्विनोन द्रव्ये प्रयोगशाळेत बुरशीरोधक आढळली आहेत. याच जातीच्या द्रव्यांनी युक्त, मूळची ब्राझीलमधली ‘गोवा पावडर’ एकोणिसाव्या शतकात गजकर्णावर नावाजली गेली. तिच्यातील क्रायसारोबिनवरून पुढे सोरायसिसवरचे डायथ्रॅनॉल बनले.

जपानी कांपो वैद्यकात हेच बी ‘केत्सुमेइशी’ म्हणून अधिकृत औषधकोशात आहे, पण ते बद्धकोष्ठ व डोळ्यांसाठी. भाजून त्याचा चहाही करतात. चिवट त्वचाविकारांसाठी तिथे शल्यवैद्य हानाओका सेइशू (१७६०–१८३५) यांचा दहा वनौषधींचा ‘जूमिहाइदोकुतो’ काढा आजही दिला जातो.

आजचे गजकर्ण मात्र पूर्वीइतके सौम्य राहिलेले नाही. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमांनी खाज तात्पुरती थांबते, बुरशी मात्र पसरते आणि चकंदळाचे रूप बदलल्याने निदानही अवघड होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला न जुमानणाऱ्या ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिआय’ या बुरशीचे वर्णन २०२० मध्ये जपानी संशोधकांनी केले, तेही जपानमधील भारतीय व नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून. अशा संसर्गावर टाकळ्याचा लेप पुरेसा ठरेल, असे मानायला आधार नाही. लहान, ताज्या चकंदळापुरताच त्याचा विचार करावा. कातडी जळजळली तर तो लगेच धुवावा, आणि चेहरा, जांघ व लहान मुलांची त्वचा यांवर लावूच नये. चकंदळे वाढत असतील किंवा घरात आणखी कुणाला खाज असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे सर्वांनी एकाच वेळी तपासून घ्यावे, आणि आधी कोणते मलम लावले ते न लपवता सांगावे.